पंखा थांबला तेव्हा

मंगळवार, संध्याकाळचे सात. मयूर विहार.

बाबांची नजर अधू होत चालली आहे; दिसतंय तोवर त्यांना आईची जुनी पत्रं मोठ्या अक्षरांत छापून द्यायची आहेत. स्कॅन केलेली पानं वाचायचं काम दूरच्या सर्व्हरवर चालतं. माझ्या प्रोग्रामने इथे नुसती वाट पाहायची. तरी लॅपटॉपचा पंखा घरघरत होता, आणि तापून लॅपटॉप दोनदा मध्येच बंद पडला. वाट पाहायला एवढी शक्ती लागते?

माझी लेक सई ऑफिसातून आली. कोड बघून हसली. "आई, यार, हा प्रोग्राम तुझ्यासारखाच आहे. सारखा विचारतो, झालं का, झालं का. मी मेट्रोत असले की तू विचारतेस ना, तसंच."

"मग?"

"झोपू दे त्याला. काम संपलं की सर्व्हर उठवेल."

तिने दोन ओळी बदलल्या. पंखा थांबला. वाटलं, लॅपटॉप पुन्हा बंद पडला. पण प्रोसेसरच्या कामाचा आकडा जवळजवळ शून्यावर होता, आणि प्रोग्राम जागच्या जागी जिवंत. मग आपोआप पहिलं पत्र आलं. बाबा दिल्लीला नवे असताना आईने गावाहून पाठवलेलं. शेवटी लिहिलेलं: "पोचल्याचं कळवा."

एवढं लिहून आई कामाला लागायची. उत्तराला आठ दिवस लागत.

पंखा अजून शांत आहे.