कावळ्याला दिलेला शब्द

४ मे, शनिवार
दहाव्याच्या सकाळी तळ्याकाठी मी हात जोडून म्हणालो, "बाबा, आईला माथेरानच्या गाडीत बसवून आणतो." आणि पिंडाला कावळा शिवला! त्याआधी महादेवानं, माझ्या धाकट्या भावानं, आईला सांभाळायचा शब्द दिला. मामांनी वाटणीवरून भांडण होऊ देणार नाही म्हणून सांगितलं. कावळा तारेवरून हलला नाही. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. तेव्हा मला बाबांचं इंजिन आठवलं. तरुणपणी ते नेरळला त्या छोट्या गाडीच्या वाफेच्या इंजिनात कोळसा टाकायचे. दवाखान्यातही तेच बोलणं – चढण, कोळसा, पाणी. वाटलं, आईला कधी नेलं नाही, तिथंच जीव अडकलाय.

त्याला आता तीन महिने होतील. रडू तेव्हा आलं नाही, अजून नाही. रोज देवापुढे दिवा लावतो. आत काही हलत नाही. पण शब्द दिला आहे. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते, म्हणजे याच महिन्यात जायला हवं.

६ मे, सोमवार
आईला सांगितलं. वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मी नाय येत."

का?

"वरीस सरलं नाय. लोक काय बोलतील? म्हातारा गेला नि म्हातारी निघाली थंड हवा खायला!"

७ मे
महादेवाचा फोन. "दादा, कावळ्यानं तारीख पण दिलीय का?" हसला. मीही हसलो बहुतेक.

१० मे, शुक्रवार
अक्षय्य तृतीया. बाबांच्या नावानं पाण्याचा घडा दिला, वर आंबा ठेवून. माझी बायको शोभा म्हणाली, "आईंना छळू नका हो. गुडघे बघा त्यांचे." अगं, गुडघ्यांसाठीच तर घाई! पुढच्या वर्षी डब्याची पायरी तरी चढवेल का तिला?

१२ मे, रविवार
चौकशीला एकटाच नेरळला जाऊन आलो. आगाऊ तिकीट मिळत नाही. गाडी सुटायच्या आधी खिडकीशी रांग लावायची. खिडकीवरची बाई भली होती. "आजींना रांगेत नका उभं करू काका. त्यांना बाकावर बसवा, तुम्ही उभे राहा."

जुनं वाफेचं एक इंजिन तिथं रंगवून ठेवलं आहे. हात लावला. थंड. बाबांचा हात आठवावा म्हटलं – नाही आठवला.

१३ मे
भाकऱ्या, सुकी चटणी, पाणी, आईच्या पाठीला उशी. सगळं ठरलं! जिला न्यायचं ती तेवढी तयार नाही.

१६ मे, गुरुवार
आज माझा आवाज चढला. "शब्द दिलाय मी! बाबा अडकून पडतील, कळतं का तुला?" आईवर असा कधी ओरडलो नव्हतो.

ती उठली. शोभा जवळपास नाही ना, बघून आली. दार लोटलं.

"मी बसलेली हाय त्या गाडीत."

कधी?

"लग्नाच्या साली. डब्यात नाय – इंजिनात, त्याच्या शेजारी! तोंड सगलं कालं. ठिणगीनं लुगडं जललं. सासूला सांगितलं, चुलीवर जललं. सुनांच्या देखत कसं सांगू रे हे?" आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

मग माझा शब्द? मग कावळा कशाला शिवला?

आईचं हसू थांबलं. "जगन, तूच रायलास. लय रडायचास – बाबा, मला पन ने. तो बोलायचा, पावसाला सरू दे, नेतो. मग ती इंजिनाच बंद झाली. दवाखान्यात पन माझा हात धरून तेच बोलायचा, थोरल्याला न्यायचा रायला."

मला यातलं काही आठवत नाही. मी रडायचो, हेसुद्धा नाही.

१७ मे
उशी परत कपाटात ठेवली.

१९ मे, रविवार
रांगेत पहिला होतो. खिडकीवरच्या बाईनं ओळखलं. "आजी कुठे?" म्हटलं, घरी. एकच द्या. इंजिनालगतच्या डब्यात खिडकीशी बसलो. आता गाडी डिझेलची – कोळसा नाही, डोळ्यांत कण जायचं काही कारण नाही. तरी माथेरान येईपर्यंत पुसत होतो.