पेटीपुढची मानाची बैठक

१२ एप्रिल १९५८, बारामती

मामानं आज पुन्हा ‘अर्धवट’ म्हटलं. कॉलेज अर्धवट, काम अर्धवट. मी ताट सरकवून उठलो तर म्हणतो, ‘‘बघा, जेवण पण अर्धवट.’’ दुकानात चार गिऱ्हाइकं हसली. असा संताप आला!

इंदापूरचं काम मिळालंय. मळ्यातला बंगला, थंड हवेचं मशीन. अर्धं खोलीत, अर्धं बाहेर. आमच्या यंत्रदुरुस्तीच्या दुकानाला असलं काम पहिलंच. बंगला कुणाचा ते मामानं सगळ्यात शेवटी सांगितलं. सु.च्या वडलांचा.

हातातला पाना खाली पडला. मामाला वाटलं, कामाला घाबरला.

वडलांनी सु.चं नाव आमच्या कॉलेजातनं काढून तिला घरी नेलं, त्या वर्षी मीही परीक्षेला बसलो नाही. का, ते मामाला ठाऊक नाही. सु.ला पण नाही. गाढव मी.

१४ एप्रिल, इंदापूर

पोचलो. पेट्या बैलगाडीतनं मळ्यात आणल्या. मामा गाडीमागं चालत सारखा ‘‘हळू रं, काचंचं समज’’.

मशीन कशापायी ते सैपाकीणबाईंनी सांगून टाकलं. मुंबईचं स्थळ. मुलगा विलायतेहून आलाय, त्याला ऊन सोसत नाही. रविवारी मुलगी बघायला येणार. त्याच्या आत मशीन चालू झालं पाहिजे.

म्हणजे त्याला घाम येऊ नये म्हणून मी घाम गाळायचा. वा! मामाला म्हटलं, मी परत जातो. मामा म्हणाला, ‘‘जा. हे पण अर्धवट टाकून जा.’’

राहिलो.

१५ एप्रिल

बाहेरच्या पेटीसाठी मागची, परसातली भिंत ठरवली. सावली आहे, पुढं मोकळं आहे. चौथऱ्याच्या खुणा केल्या. आबा, म्हणजे सु.चे वडील, ‘‘बरं बरं’’ म्हणून गेले.

दुपारी सु. पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाठोपाठ आत्याबाई, पहाऱ्याला. सु.नं मला ओळख दिली नाही. पेटीकडं बघत विचारलं, ‘‘ह्यातनं काय येतं बाहेर?’’

‘‘खोलीतली गरमी. आतून ओढायची, इथून फेकायची.’’

‘‘सगळी?’’

‘‘सगळी. वर मशीनची स्वतःची असते ती वेगळी. पुढं माणूस उभा राहू शकत नाही.’’

‘‘अस्सं,’’ म्हणाली आणि गेली. दोन वर्षांनी भेट आणि मी काय बोललो, तर गरमी! तांब्या तसाच राहिला. नंतर सगळं पाणी प्यालो.

१६ एप्रिल

डोकं ठिकाणावर नाही. सकाळी आबांनी खुणा पुसायला लावल्या. पेटी पुढच्या भिंतीला हवी, ओसरीवर. का? तर सु. म्हणाली, ‘‘आबा, एवढी मुंबईची मंडळी येनार आन् मशीन परसात लपवायचं व्हय? म्हशींना दाखवायला आनलंय का?’’

आबांना पटलं. न पटून काय!

मी आबांना सांगितलं, ओसरीवर माणसं बसतात, गरम झळ थेट त्यांच्या अंगावर जाईल. आबा हसले. ‘‘आरं, थंडीचं मशीन गरम हवा कसं सोडंल? कालिजात ह्येच शिकला का?’’

मामानं माझं मनगट दाबलं. ‘‘मालक म्हनत्यात तितं लाव.’’

मला पेटीचं काही नाही. हिला दाखवायचीय! त्या विलायतवाल्याला तोरा दाखवायचाय. आणि मी मूर्ख, तांब्याभर पाणी…

१८ एप्रिल

कालपासून मजुरांबरोबर राबतोय. पुढचा चौथरा विटांचा, वर लाकडी पट्ट्या, म्हणजे हादरा भिंतीला लागायला नको. पाणसळ लावून पातळी धरली. तांब्याच्या नळ्या भिंतीतनं आत नेल्या. एक वाकवताना चिमटली, टाकून दिली, मामाच्या शिव्या खाल्ल्या. प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बघितला. एका ठिकाणी बुडबुडे येत होते. वाटलं, राहू दे. गॅस जाईल, बसतील घामाघूम.

नाही जमलं. जोड पुन्हा केला. माझ्या हातचं काम गळकं का म्हणून?

दुपारनंतर मळ्यातलं इंजिन सुरू केलं, डायनामो फिरला, मशीन चाललं. आतल्या नळीवर दव धरलं. आबा खोलीत जाऊन बसले ते उठेनात. ‘‘महाबळेश्वर!’’ म्हणून आतून ओरडले. बाहेर पेटीपुढं मी एकटाच, भट्टीसमोर उभा असल्यासारखा. आबा, बाहेर येऊन बघा म्हटलं. ‘‘तूच बघ!’’

आबांनी पेटीला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. अर्धी वाटी सु.नं माझ्या हातावर ठेवली. मी तिच्याकडं बघितलं नाही. मुद्दाम.

२० एप्रिल, रविवार

अजून नीट उमगलेलं नाही. लिहितो.

सकाळी ओसरीवर गादी, लोड, तक्के आले. मानाची बैठक घातली बरोब्बर पेटीच्या तोंडापुढं! सगळ्यांची समजूत एकच, मशीनच्या जितकं जवळ तितका गारवा जास्त. मी मामाला म्हटलं, आता तरी सांग. मामा म्हणाला, ‘‘तू तोंड उघडलंस तर याद राख.’’

मंडळी आली. मुलगा सरळ आतल्या, मशीनच्या खोलीत शिरला, बूट न काढता. मुलाच्या वडलांना आबांनी हाताला धरून मानाच्या जागी बसवलं. जरीचा फेटा, गळाबंद कोट. आबांनी मला खूण केली, ‘‘कर सुरू!’’

केलं सुरू.

आधी फेट्याचा शेमला उडाला. मग चेहरा लाल. मग घाम. पण मानाची जागा सोडून उठणार कसे? आबा म्हणतात, ‘‘वाईच थांबा, आता गार पडंल.’’ पंख्यानं वारा घालायला माणूस बसवला, तर तोही तीच झळ त्यांच्या तोंडावर मारायला लागला. मशीनपाशी घाम पुसायचा म्हणजे आबांचा अपमान, म्हणून तो भला माणूस घामही पुसेना. पोह्यांची बशी हातात तशीच.

आतून मुलगा काही बाहेर येईना. शेवटी वडीलच उठले. ‘‘तुमचा पाहुणचार लई ऊन,’’ एवढंच बोलले. मुलीला बाहेर बोलवायचंच राहिलं. ‘‘कळवतो.’’ गेले.

दारात सु. उभी होती, नऊवारीत, हातात पानांचं तबक. माझ्याकडं बघितलं. हसली नाही. पण…

बैठक तिथं घालायला कुणी सांगितलं, ते सैपाकीणबाईंना विचारलं. ‘‘आक्कांनीच की!’’

आक्का म्हणजे सु.

२१ एप्रिल

आबा सगळ्यांवर भडकलेत. मामावर जास्त. मामा माझ्यावर. ‘‘तू सांगायला नको व्हतं का मला?’’ ह्या माणसाला काय म्हणावं! मीही ओरडलो. ओसरी दणाणली.

पेटी उचलून मागच्या भिंतीला न्यायची आहे. मुंबईहून निरोप नाही अजून. आला नाही तर पंढरपूरकडचं दुसरं स्थळ आहे म्हणे.

२२ एप्रिल

सु. ओसरीपुढच्या तुळशीला पाणी घालायच्या निमित्तानं आली. आत्याबाई झोपलेल्या. मी म्हटलं, तू मुद्दाम केलंस.

‘‘मग कुनासाठी केलं?’’

मी पेटीचे नट सोडवायला लागलो. ती चिडली. खरंच चिडली. ‘‘मामांवर ओरडता, मजुरांवर ओरडता. सगळी गरमी तितंच. आबांपुढं मात्र गार! माझ्या हातात व्हतं ते मी केलं. दुसऱ्या स्थळाला मी काय करू? तवा पेटी मागं असंल.’’

आणि गेली. दिवसभर कुणावर ओरडलो नाही. मामानं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

२३ एप्रिल

मागचा चौथरा झाला. नळ्या सोडल्या, पेटी उचलली. ओसरीच्या भिंतीवर भोकं तेवढी राहिली.

आबा थंड खोलीत एकटेच बसले होते, मशीन बंद असताना. दाराशी जाऊन म्हटलं, आबा, बोलायचंय.

‘‘बोल.’’

‘‘पेटी उद्या चालू होईल.’’

‘‘बरं.’’

मी तिथंच उभा. माजघरात बांगड्या वाजल्या. आबांनी वर बघितलं.

‘‘अजून काय?’’

‘‘पेटीचं नाही. तुमच्या मुलीचं बोलायचंय,’’ म्हटलं. आत गेलो आणि दार लावून घेतलं.