शाल, श्रीफळ आणि पाकीट

अण्णा,

तुम्ही जिला पाहिलं नाहीत ती तुमची नात धावते. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, त्यामुळे सांगायला उशीर झालाय हे मला कळतं, तरी सांगते. ती धावते म्हणजे शाळेच्या स्पोर्ट्‌स डेला धावतात तशी नाही. इथे इंग्लंडात, वॉटफर्डला, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एका क्लबचा ट्रॅक आहे. आठवड्यातून चार संध्याकाळी ती तिथे असायची, आणि रविवारी सकाळी पार्कांतून, चढांवरून, गवतातून. नोव्हेंबरात इथलं गवत म्हणजे भाताचं खाचरच. पोटऱ्यांपर्यंत चिखलानं माखून ती गाडीत येऊन बसायची, मी सीटवर जुना टॉवेल अंथरून ठेवलेला असायचा, आणि घर येईपर्यंत ती एक शब्द बोलायची नाही. हे गप्प राहणं हिनं कुठून आणलं, असं तिचे बाबा मुद्दाम माझ्याकडे बघत विचारतात. मी भूल देणारी डॉक्टर आहे ना, ते चारचौघांत सांगत असतात की ही दिवसा माणसांना झोपवते आणि संध्याकाळी सभेत त्यांना उठवून बसवते. मी म्हणते, गप्प राहणं तिच्या आजोबांचं आहे. तुम्ही शिट्टी वाजवायचात, बोटानं दाखवायचात, आणि तेवढ्यात सगळं मैदान हलायचं.

कृष्णाकाठच्या त्या कॉलेजात तुम्ही फिजिकल डायरेक्टर होतात. तुमचा तो कुस्तीचा विद्यार्थी मला अजून दिसतो. मान नाहीच, खांद्यातून सरळ डोकं उगवलेलं, आणि माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघणारा. त्याला प्रवेश फुकट, हॉस्टेलची खोली फुकट, आणि वर खुराक: रोजचं दूध, बदाम, तूप. त्यानं आणलेल्या ढाली प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये कपाटावर मांडलेल्या असायच्या आणि पाहुणे आले की दाखवल्या जायच्या. मग एका आंतरविद्यापीठ स्पर्धेत त्याचा गुडघा गेला. पुढच्या सत्रात आधी दूध बंद झालं, मग खोली गेली. तुम्ही कोणाशी भांडला असाल तर आम्हाला सांगितलं नाहीत. तुम्ही फक्त त्याला रोज घरी जेवायला आणायला लागलात. आई त्याच्यासाठी परसात वेगळ्या स्टोव्हवर अंडी उकडायची. ते पातेलं तिनं कधी स्वयंपाकघरात आणलं नाही, पण अंडी एका दिवसासाठीही चुकवली नाहीत.

त्याच महिन्यात कॉलेजची वक्तृत्व स्पर्धा होती. विषय होता, खेळाडूंना मोबदला द्यावा का. मी एकोणीस वर्षांची, आणि विषय कुठलाही असो, मला फक्त बाजू लागायची. मी विरोधी बाजू घेतली. खेळ ही पूजा आहे, पूजेची कोणी मजुरी मागतं का, असं मी विचारलं आणि टाळ्या थांबेनात. पहिलं बक्षीस, रोख एकावन्न रुपये. संध्याकाळी तुम्ही जेवायला बसला होतात, तुमच्या शेजारी तो, गुडघ्याला पट्टी, पाय लांब केलेला. मी ते पाकीट तुमच्या ताटाजवळ ठेवलं. तुम्ही पाहिलं आणि जेवत राहिलात. तो उठून, हात धुऊन, आईला नमस्कार करून गेला. मग तुम्ही म्हणालात, "सात मिनिटं बोललीस त्याचे एकावन्न रुपये घेतलेस. त्यानं गुडघा दिला, त्याला प्रमाणपत्र. आता सांग, पूजा कोणाची झाली आणि मजुरी कोणाला मिळाली?" आवाज नेहमीचाच होता, भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं तसा. मला प्रत्येक वादात उत्तर सुचतं, अण्णा. त्या दिवशी मी पाकीट उचललं आणि आत गेले.

तेव्हापासून मी या प्रश्नावर हाताला लागेल ते वाचत आले. ज्या देशात मी राहते, तिथे एकेकाळी क्रिकेटच्या मैदानावर घरंदाज हौशी खेळाडू एका दरवाजानं यायचे आणि पैसे घेऊन खेळणारे दुसऱ्या दरवाजानं. हौशी हा शब्द ज्यांनी पवित्र केला, त्यांच्या घरी धान्याची कोठारं भरलेली होती. ज्याला संध्याकाळच्या भाकरीची चिंता आहे त्यानं फुकट खेळावं, हा नियम त्याला खेळाबाहेर ठेवण्यासाठीच असतो. हे मी इथल्या मराठी मंडळाच्या स्टेजवर बोलले आहे, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बोलले आहे, लग्नाच्या पंगतीत बोलले आहे. तिथल्या वरमाईनं मला वाढायचं थांबवलं होतं.

मागच्या शरद ऋतूत एका अमेरिकन युनिव्हर्सिटीची कोच आमच्या घरी आली. इथल्या मुली युनिव्हर्सिटीत खेळतात तो खेळ म्हणजे बुधवार दुपारचा कार्यक्रम. मिनीबसचे पैसे ज्याचे त्यानं भरायचे, किट स्वतःचं, आणि हरलं तरी कोणाचं काही जात नाही. मला त्यातलं ते साधेपण आवडतं, खोटं कशाला सांगू. पण ही बाई समुद्र ओलांडून वॉटफर्डच्या एका सेमी-डिटॅच्ड घराच्या किचनमध्ये येऊन बसली होती, तुमच्या नातीला मागायला. मुलगी बघायला आल्यासारखंच वाटत होतं. मी थालीपीठ आणि लोणी केलं होतं. बाईनं तीन खाल्ली. चार वर्षांची फी, खोली, जेवण, बूट, प्रवास, सगळं ते देणार. रोख मात्र काही नाही, कारण कॉलेजचा खेळाडू हौशी असतो. मी तिला म्हटलं, याला आमच्याकडे शब्द आहे, खुराक. तिला तो शब्द फार आवडला, तिनं वहीत लिहून घेतला. मग मी विचारलं, तुमच्या युनिव्हर्सिटीत सगळ्यांत जास्त पगार कोणाला? ती हसली, म्हणाली, "फुटबॉल कोचला. युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटपेक्षा जास्त."

"आणि फुटबॉल खेळणाऱ्यांना?"

"त्यांना शिक्षण मिळतं, मॅम."

टेबलाखालून तुमच्या नातीनं मला लाथ मारली. बाई मात्र रागावली नाही. ती म्हणाली की हजारो लोक तिकीट काढून येतात, टीव्हीवाले येतात, खेळाडूच्या नंबरचे शर्ट विकले जातात, आणि तो खेळाडू सुट्टीत घरी जायला भाडं मागतो. हे असं फार वर्षं चालणार नाही, पण आज नियम हा आहे. निघताना ती गाडीपर्यंत गेली आणि परत आली. टेबलावर तिचं युनिव्हर्सिटीचं पेन राहिलं होतं. ते मागे राहिलं असतं तर ती आम्हाला दिलेली भेट ठरली असती, आणि खेळाडूच्या घरी भेट देणं नियमात बसत नाही म्हणे. मी तोवर तिच्यासाठी चिवड्याचा डबा भरून हातात धरून उभी. पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवायची सवय नाही आपल्याला. ती डब्याकडे अशी बघत होती जणू मी तिला लाच देतेय. शेवटी तिनं तो घेतला.

तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण दिवाळी आली. मंडळाचा कार्यक्रम इथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, समोर तीनशे माणसं, आणि नात देशभरच्या शाळांच्या शर्यतीत तिसरी आलेली. सत्कार ठरला. कमिटीत मी म्हटलं, शाल आणि श्रीफळ देऊन खेळाडूची बोळवण करायची ही आपली जुनी खोड आहे. गाणाऱ्याला बिदागी देता, भटजीला दक्षिणा देता, मग धावणाऱ्या मुलीला नारळ का? सगळ्यांना पटलं. पाचशे एक पौंडांचं पाकीट आलं, वर एक पौंडाचं नाणं चिकटवलेलं. आणि मी स्टेजवरून वीस मिनिटं बोलले. तुमचा तो कुस्तीगीर सांगितला, त्याचा गुडघा सांगितला, आणि म्हटलं, हे पैसे बक्षीस नाहीत, ही हिच्या पायांची कमाई आहे. लोक उभे राहिले, अण्णा. मंडळाच्या वेबसाइटवर फोटो आला, खाली रक्कम, आणि माझं ते वाक्य.

जानेवारीत अमेरिकेतून फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता: तुमच्या खेळातल्या कामगिरीबद्दल तुम्हाला कोणी कधी रोख रक्कम दिली आहे का? होय किंवा नाही. होय म्हटलं तर ती हौशी राहत नव्हती, आणि हौशी नाही तर त्या टीममध्ये जागा नाही. तिकडची फी आम्ही दोघांनी कितीही नाइट शिफ्ट केल्या तरी भरता आली नसती. पण पैशापेक्षा मला तिचा चेहरा दिसत होता. त्या टीमचा फोटो तिनं कपाटाच्या दाराला आतून लावला होता, कोणाला दिसू नये म्हणून. आठ वर्षं चिखलातून धावली होती ती, आणि तिची वाट मी माझ्या तोंडानं अडवली होती.

मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. निवृत्त सर्जन, सत्तरीचे, माणूस सरळ. त्यांनी एका मिनिटात तोड काढली. "अहो, तिचा वाढदिवस नोव्हेंबरातच ना? मग पाकीट वाढदिवसाचं. आपल्यात देतातच की. यात खोटं काय आहे, सांगा बघू." त्यांनी मंडळाच्या लेटरहेडवर तसं पत्र लिहून दिलं आणि वेबसाइटवरून फोटो काढायला सांगतो म्हणाले. मी ते पत्र घेतलं, अण्णा. पर्समध्ये घडी करून ठेवलं. घरी येताना गाडीत मी स्वतःला समजावत होते की अन्यायी नियम मोडणं हा अन्याय नाही. मी या वाक्यावर सहज तासभर बोलू शकते, पुराव्यांसकट.

घरी पोचले तर ती किचनमध्ये टोस्टला पीनट बटर लावत उभी होती. माझा कोट अंगावरच होता. ती म्हणाली, "आई, तो फॉर्म मी भरला. पाकीटचा पण लिहिला." मी विचारलं, काय लिहिलंस? "येस लिहिला. तू स्टेजवर बोलली ना, ही माझी पायाची कमाई आहे. सगळे ऐकले. मग आता नो कसा लिहू?" आणि मग, टोस्टचा तुकडा मोडत, "तुला चालेल ना?"

तिचं मराठी असंच आहे. तुम्ही हसला असता. मी पर्स घट्ट धरून म्हटलं, चालेल. बरोबर केलंस. मग मी सत्कार म्हणजे काय, आहेर म्हणजे काय, हे त्या लोकांना कळावं म्हणून फॉर्मसोबत पाठवायला दोन पानं लिहून दिली. तिनं वाचली, त्यातल्या चार ओळी ठेवल्या आणि बाकी खोडलं. भाषण नको, म्हणाली.

सात आठवडे उत्तर आलं नाही. ती रोज धावायला गेली. मी रोज पोस्टमन जाताना बघितला, इमेल तिच्या नावावर येणार हे माहीत असूनही. शेवटी आलं: पैसे परत करा, तसा पुरावा पाठवा, आणि मोसमातल्या पहिल्या तीन शर्यती टीमबाहेर बसा. मग जागा तुमची. मला संताप आला. ज्या मुलीनं खरं सांगितलं तिला तीन शर्यतींची शिक्षा, आणि शर्ट विकणाऱ्यांना? तिनं मात्र कॅलेंडरवर तीन शनिवारांवर फुल्या मारल्या आणि बूट घालायला गेली.

पैसे परत द्यायला ती एकटी कमिटीसमोर गेली. मी दाराशी थांबले. एक काकू म्हणाल्या, दिलेलं परत घेत नाहीत ग, अपशकुन असतो. ती म्हणाली, "काकू, शाल ठेवते मी. शाल वापरते मी थंडीत." काकूंनी पाकीट घेतलं, डोळे पुसले आणि तिला कुंकू लावलं. मी तीनशे माणसांना उभं केलं होतं. तिनं पाच माणसांना बसल्या जागी गप्प केलं. वक्तृत्वाचं बक्षीस त्या दिवशी द्यायचं असतं तर मी परीक्षक म्हणून तिलाच दिलं असतं, आणि तुम्हीही दिलं असतं.

सप्टेंबरात ती गेली. पहिल्या तीन शर्यतींत तिनं बाकीच्या मुलींची जॅकेटं सांभाळली आणि अर्ध्या वाटेवर उभं राहून त्यांना वेळ ओरडून सांगितली. गेल्या शनिवारी ती धावली. सहा किलोमीटर, गोल्फच्या मैदानावरून. सगळ्यांत अकरावी, टीममध्ये दुसरी. फोनवर दम लागलेलाच होता. मी अजूनही म्हणते की या मुलींना मोबदला मिळायला हवा. कोचला पगार मिळतो, तिकिटं फाडणाऱ्याला मिळतो, तर धावणाऱ्यालाही मिळायला हवा. एक दिवस तो मिळेल, आणि त्यासाठी मी बोलत राहीन. पण या पोरीनं मला न पटणारा नियम ताठ मानेनं पाळला, आणि त्याचा मला जितका अभिमान वाटतो तितका मी जिंकलेल्या कुठल्याच वादाचा वाटला नाही.

फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली की शर्यतीनंतर टीमनं तिला विचारलं, तू तीन शर्यती बाहेर का होतीस. तिनं सगळं सांगितलं. "मी त्यांना बोलले, माझी आई अशी आहे. खरं सोडून दुसरं काही चालतच नाही तिला." पलीकडे मुली हसत होत्या, कोणीतरी माझ्या नावानं टाळ्या वाजवत होतं.

ते पत्र त्या संध्याकाळी माझ्या पर्समध्ये होतं, हे मी तिला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, जेवून घे.