मान खाली घालून पाहिलेलं आभाळ

गुरुजी, तुमचा गुडघा कसा आहे आता? पायरी चढताना अजून भिंतीला हात लावावा लागतो का? काकूंचा दमा बसला का? आणि ती तुमची लाथ मारणारी गाय, तिकडेही धारेच्या वेळी तशीच करते का? तुम्ही सगळे जाऊन इतकी वर्षं झाली की तब्येत विचारणं वेडेपणाच आहे. पण ख्यालीखुशाली विचारल्याशिवाय मला भांडता येत नाही, आणि आज मी भांडायलाच बसले आहे.

मराठी राज्य नुकतंच झालं होतं, मी नवीन मास्तरीण होते तेव्हाची ही गोष्ट. उंद्रीजवळच्या आपल्या शाळेत तुम्ही मला चौथीपर्यंत शिकवलंत, पुढचं मी घरीच वाचलं, बाहेरून परीक्षा दिली आणि तुमच्याच हाताखाली मास्तरीण झाले. ढगांचा धडा तुम्ही तक्त्यावरून घ्यायला लावायचात. तंतुमेघ, राशिमेघ, स्तरमेघ. पोरं पाढ्यासारखी म्हणायची. एकदा अंगणात नेऊन विचारलं, राशिमेघ कुठे आहे, तर एका पोरीनं खिडकीतून भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं! मग मी काय करावं? साऱ्या वर्गाला शाळेमागच्या गवतावर उताणं झोपवलं. पिंजलेल्या कापसासारखा तो तंतुमेघ, गंजी रचल्यासारखा राशिमेघ, गोधडी पांघरल्यासारखा स्तरमेघ. तीच पोरगी, भाजीचं माळवं पिकवणाऱ्या वाडीवाल्याची, म्हणाली, "बाई, ढग खालून काळा अन् वरून पांढरा हाय. ऊन माडीवर राह्यते काय?" त्या प्रश्नावर मी अजून जगते आहे, गुरुजी.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप दारात. "मास्तरीणबाई, पोरी उताण्या काऊन झोपवल्या पोट्ट्यांसंगं?"

"रांग वेगळी होती, भाऊ."

"रांग वेगळी, पण आभाळ तं एकच होतं ना! उद्यापासून पोरगी वांगे तोडीन. शाळा बंद."

त्याच्यामागं आणखी बाप उभे. तुम्ही मला खोलीत बोलावलंत. "ढग बंद. एका ढगापायी माझ्या साऱ्या पोरी घरी बसतील." मी म्हटलं, पोरींनी आभाळ पाहायचं नाही, तर हिला शाळा कशाला म्हणायचं? तुमच्या कपाळाची शीर फुगली. "मीच मास्तरीण केली तुले. आता मलेच शिकवतं?"

संध्याकाळी तुमच्याच स्वयंपाकघरात, चुलीपाशी, मी पदरानं डोळे पुसत बसले आहे. काकू मागच्या दारी कढई भिजत घालताहेत, ती तुमच्या भज्यांची मोठी लोखंडी, कडीला तार गुंडाळलेली. "इकडे ये वं. पाह्य यात." काळ्याभोर बुडावर पाणी, आणि पाण्यात सगळं आभाळ उतरलेलं, तांबडे ढगसुद्धा. "रोज दिसते मले," काकू म्हणाल्या. "ने शाळेत. त्याहीले एक दिवस भजे नाही भेटले तं मरत नाही ते."

सकाळी कढई शाळेच्या अंगणात, भोवती पोरी मांडी घालून. ढग चिखलीकडून आला, खामगावकडे चालला, असं त्या एकमेकींना सांगत होत्या. तेवढ्यात तो बाप पोरीला न्यायला आला, आणि त्याच्यामागं तुम्ही. तारेवरून तुम्ही कढई ओळखलीत. मी मनात म्हटलं, आता नोकरी गेली.

"आता हे काय नवीन?" बाप म्हणाला.

तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून वाकलात, पाण्यात पाहिलंत. बराच वेळ पाहिलंत. मग त्याला म्हणालात, "पोरगी बसली हाय. मान खाली हाय. अजून काय पाह्यजे तुले?"

त्यानं नीट निरखलं. "हाव, मान तं खालीच हाय."

पोरगी मान न उचलता म्हणाली, "बाबा, सरका ना. ढग झाकून राह्यला तुमच्या डोक्यानं."

बाप सरकला. पोरगी शाळेत राहिली, बाकीच्याही राहिल्या. गावानं तुमच्या हुशारीचं कौतुक केलं. मी केलं नाही. पोरी टिकल्या, ते तुमचे उपकार. पण कशावर टिकल्या? खाली मानेवर! पोरीनं आभाळसुद्धा मान खाली घालूनच पाहावं, हे तुम्ही कबूल करून आलात, आणि ते मला तेव्हा पटलं नाही, आज तर मुळीच नाही. तुमची बदली झाली त्या वर्षी मी पोरींना पुन्हा गवतावर उताणं झोपवलं. या खेपेला त्यांच्या आयांनाही बोलावलं. बाप भांडायला आले तर आयाच पुढे झाल्या, "मीच झोपली होती तिच्याजवळ, बोला!" बाप आल्या पावली परतले.

आता गल्लीतल्या पोरी गच्चीवर येतात. सतरंजी घालते, उताणं झोपवते, ढग विचारते. फक्त एक तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. माझी मानच वर होत नाही हो आता. मणके धरलेत. पोरी वर पाहतात आणि मी त्यांच्या उशाशी, काकू बदलीच्या वेळी मला देऊन गेल्या ती कढई पाण्यानं भरून त्यात पाहत बसते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते ठाऊक नाही, म्हणून उशीखालीच राहील. पण हसला असाल तर तसं लिहा, आणि लवकर लिहा. मला अजून पुष्कळ भांडायचं आहे.