स्कूटरच्या डिकीतली जिलेबी

गंगापूर रोड, नाशिक
रविवार

तीर्थरूप गेणूमामांना,

हर्षालीचा वाकून नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण पोटावर आज तीन सुया झाल्यात.) मामींचे गुडघे, तुमचा खोकला आणि कळवणची गाय, सगळे खुशाल असावेत. पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही "कशी हायेस गं पोरी?" विचारता आणि माझ्या उत्तराआधीच रडता. पत्रावर हवं तेवढं रडा, मला ऐकू येणार नाही.

तर मामा, मला टाइप वन डायबिटीस निघाला त्याला तीन महिने झाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, इन्सुलिन आता जन्मभर बाहेरून घ्यायचं, मोजून सगळं खायचं, आणि गोड काहीतरी कायम हाताशी ठेवायचं. आमच्या घरानं "जन्मभर" ऐकलं आणि पुढचे कान बंद केले. आईनं त्याच दिवशी साखर, गूळ, मध, इतकंच काय देवापुढची खडीसाखरसुद्धा उचलून शेजारच्या मालनबाईंकडे पोचवली. (आमचा गणपती तेव्हापासून शेंगदाण्यांवर होता.) पप्पांनी हात जोडून जाहीर केलं, लेक खात नाही तर मीही गोडाला शिवणार नाही. अहो, लेक खाऊ शकते! पण कोण ऐकतंय? सतरा वर्षांच्या मुलीचा अशा त्यागी घरात जीव गुदमरतो हो. माझ्यामुळे सगळ्यांचे सणवार बुडाले असं वाटून मला फार वाईट वाटायचं.

आणि काल सकाळी काय झालं, मी इन्सुलिन घेतलं आणि पोहे यायला उशीर झाला, कारण आई ते चार-चार दाणे करत काट्यावर तोलत होती. मला दरदरून घाम, हात लटलट. तपासलं तर रक्तातली साखर अठ्ठावन्नवर घसरलेली! अशा वेळी ताबडतोब गोड खायचं असतं, आणि अख्ख्या घरात गोडाचा कण नाही. आई मालनबाईंकडे धावली, तर दाराला कुलूप. बाई ओझरला लेकीकडे. आई जिन्यातच रडायला लागली. तेवढ्यात पप्पा मान खाली घालून खाली गेले आणि स्कूटरच्या डिकीतून एक पुडा घेऊन आले. आत जिलेबी. गरम! (रोज पायी फिरायला जायला स्कूटर कशाला लागते, ते तेव्हा कळलं.) मी खाल्ली, पंधरा मिनिटांत माणसात आले. आईनं विचारलं, "कधीपासून चाललंय हे?" पप्पा म्हणाले, "तिसऱ्या दिवसापासून." मी जी हसत सुटले मामा, तीन महिन्यांत पहिल्यांदा, की आईलाही आवरेना. संध्याकाळी साखरेचा डबा परत आला, गणपतीलाही खडीसाखर मिळाली.

तुमची लाडकी भाची,
हर्षाली

ता. क. : मी एकदाही रडले नाही असं आईनं तुम्हाला सांगितलंय. साफ खोटं. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. सोसायटीत पाणी जपून वापरायची नोटीस लागली, ती माझ्यामुळेच.

ता. क. २ : आता खरं काम. तुम्ही गडावर देवीला बोललात म्हणे, की हर्षालीचा आजार जाईपर्यंत गुळाचा चहा घेणार नाही. मामा, तो जाणार नाही. मी ठणठणीत राहीन, कॉलेजला जाईन, भांडेन, पण तो जाणार नाही. आणि तुम्ही जन्मभर फिका चहा पीत बसलात, तर मला ते सुयांपेक्षा जास्त लागेल. देवीला माझं नाव सांगा आणि हा नवस मागे घ्या.

ता. क. ३ : आखाजीच्या सणाला आई माहेरी येईल, तिच्या मागे मी. गूळ आणून ठेवा. चहा मी करणार, अर्धा कप सुई टोचून मीही पिणार, तुमच्यासमोर बसून. तेव्हा खुशाल रडा, मी नळ सोडून ठेवीन.