डाव्या हाताचं पान

उमरगा,
दि. ४ फेब्रुवारी १९७३

चि. व्यंकटास, चांगुणाआक्काचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

दुष्काळी कामावर खडी फोडून आलास की जेवण सोडून आबांच्या पेटीवर गात बसतोस, असं आईनं कळवलंय. गळा आबांवर गेलाय, आळस कुणावर गेलाय ते शोधावं लागेल. मॅट्रिकला आपटल्याबद्दल मी बोलणार नाही. माझी एकच अट आहे. रोज एक पान लिहायचं, मगच पेटीला हात लावायचा.

वही पाठवलीय, सोबत कवितांचं पुस्तक आहे. एक कविता वाच आणि मग लिही. घडलं ते नावासकट लिही. बिननावाचं लिहिणं म्हणजे पारावरच्या गप्पा. आमच्या शाळेतली पोरं तुझ्याहून बरं लिहितात, लाज वाटू दे.

आईआबांना जयभीम सांग. माया आहे तशीच राहू दे.

तुझी आक्का


करंजवाडी,
दि. २१ फेब्रुवारी १९७३

ती. आक्कास, व्यंकटाचा सविनय जयभीम.

तेरा पानं झाली, एकबी दिवस चुकला न्हाय. सांजच्याला विहारात वंदना झाली की मी त्या दिवसाचं पान वाचून दावतो, मग आबा पेटी धरतात. माणसं आता पानासाठीच येतात. आबांना त्याचा जरा राग हाय, पण पहिल्या रांगेत तेच बसतात.

गावाचा आड आटलाय. आपल्या वस्तीच्या विहिरीला पाणी हाय, हे काहीजणांना सलतंय. परवा विहिरीत मेलेलं कुत्रं टाकलं. टाकणारे मी पाहिले. आबा म्हणाले, लिही पण वाचू नको. मी तुझं ऐकलं, नावासकट वाचलं. बाहेर कुणीतरी ऐकत उभं होतं. काल दारात येऊन काय सांगून गेले ते वहीत हाय, हितं लिहीत न्हाय, कारण टपालाची पेटी गावच्या पुढारी नानासाहेबाच्याच ओसरीवर हाय.

आई वही पिठाच्या डब्यात ठेवती. म्हणती, एक दिवस भाकरीबरोबर हिलाबी भाजीन.

तुझा लोभ हाय म्हणून लिहितोय, तो उणा करू नको.

व्यंकट


उमरगा,
दि. ३० मार्च १९७३

चि. व्यंकटास जयभीम.

आबा गेले, त्यांचं जलदान करून परत आले, पण मन तिथंच राहिलंय. दवाखान्यात नऊ दिवस तू तोंड उघडलं नाहीस. जलदानालाही भिंतीकडं बघत बसलास. फौजदार म्हणतात, पाहणाराच बोलला नाही तर केस उभी राहणार नाही, मारणारे सुटतील.

नावं लिही असं मीच सांगितलं होतं. आबांना मीच मारलं, असं रोज सकाळी उठल्यावर वाटतं. मला दिवस गेलेत, रडू नको म्हणतात सगळे. मी रडत नाही, संतापते.

मला शिवी दे, पण लिही. उजवा हात गेला, डावा आहे. तुटकं लिही, वाकडं लिही.

पत्राची वाट पाहते.

आक्का


करंजवाडी,
दि. १९ मे १९७३

ती. आक्कास जयभीम.

हे पत्र लिहायला आठ दिवस लागले. डावा हात ऐकत न्हाय. गावच्या पेटीत न टाकता तेरला जाऊन टाकतोय.

सत्तावीस फेब्रुवारीला वंदना चालू हुती. पंचशील संपायच्या आत दगड आले, मग माणसं आली. नानासाहेबाचा पोरगा ज्ञानोबा कुऱ्हाड घेऊन पेटीकडं गेला. आबा पेटीवर आडवे पडले. मी वरडलो, पेटी जाऊ द्या. आबा हालले न्हाईत. तीन घाव पाठीत बसले. तिसऱ्याला पेटीतनं सूर निघाला, भात्यात हवा हुती. तो सूर कानातनं जात न्हाय.

मग त्यांच्या गड्यानं, शंकरप्पानं, मला धरलं. उजवा हात उंबऱ्यावर ठेवला. ज्ञानोबानं कुऱ्हाड उलटी करून बोटं ठेचली, मी खडी फोडतो तशी. चार मोजली, पाचवं कळलं न्हाय. लिहिणारी बोटं ठेचू, असं तो दारात सांगूनच गेला हुता.

घरं पेटवली. तू दिलेलं कवितांचं पुस्तक जळालं. आई पिठाचा डबा घेऊन ओढ्यात पळाली, म्हणून वही राहिली.

तुला शिवी देणार न्हाय. आबा वाचू नको म्हणत हुते, वाचलं मी. आता कोर्टातबी मीच वाचीन.

व्यंकट


करंजवाडी,
दि. ८ डिसेंबर १९७३

ती. आक्कास, व्यंकटमामाचा जयभीम.

पोरगी झाली, बरं झालं. ओली बाळंतीण म्हणून तुला कोर्टात येता आलं न्हाय, सगळं सांगतो.

धाराशिवला माझी साक्ष झाली. त्यांचा वकील म्हणाला, धमकीचं पान मारामारीनंतर बहिणीच्या शिकवणीनं लिहिलंय. कागद देऊन म्हणाला, लिहून दाव. मी डाव्या हातानं लिहिलं. तो हसला, म्हणाला अक्षर जुळत न्हाय, वही ह्याची न्हायच.

आपल्या सरकारी वकिलानं तू जपलेलं एकवीस फेब्रुवारीचं माझं पत्र काढलं. अक्षर वहीशी जुळलं. जजसाहेबांनी मला उजवा हात वर कराय सांगितला. मी केला. मग त्यांनी त्या वकिलाला विचारलं, नंतर लिहिलं म्हणता, तर कुठल्या हातानं. तो खाली बसला.

ज्ञानोबाला आन शंकरप्पाला जन्मठेप झाली. त्यांनी बोटं ठेचली न्हसती तर सुटले असते, असं फौजदार म्हणाले. मला हसू आलं न्हाय. आबा पाहिजे हुते.

मोडकी पेटी तेरच्या सुताराकडनं सांधून आणलीय. दोन सूर मुके हाईत. मी डाव्या हातानं वाजवतो, भाता आई मारती. ती वैतागती, हात दुखला म्हणती, पण उठत न्हाय.

भाचीला माझ्याकडनं वही. माया पातळ करू नको. आजचं पान झालंय, आई भात्याला हात लावून बसलीय.

तुझा व्यंकट