वहिनीच्या हातचे मांडे

आई,

काल आखाजी झाली, कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया. मखमलाबादला दादाकडे गेले होते. वहिनीनं तुझ्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, शेजारी आंबा ठेवला आणि केळीच्या पानावर नैवेद्य वाढला. मांडे, त्यावर तूप, कुरडई, भजी आणि वाटीत आमरस. रस वाढायच्या आधी तिनं त्यात साखर घातली. एक चमचा, मग आणखी एक. आंबे मुळातच गोड होते, मी चाखून पाहिले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, अहो, आईला डायबेटिस होता." दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. माझी स्वतःची मुलगीसुद्धा हसली. मेलेल्या माणसाचं पथ्य सांभाळणारी नाशिक जिल्ह्यात मी एकटीच असेन. वहिनी मात्र हसली नाही. पान सारखं करत ती म्हणाली, "वन्सं, आता तरी खाऊ द्या त्यांना." मला त्या 'आता तरी'चा असा काही राग आला म्हणून सांगू. जणू तू हयात असताना मी तुला उपाशी ठेवलं होतं, आणि ही तुला खाऊ घालणारी.

मला तिचा हेवा वाटतो, आई. हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही, पण तू काही आता कुणाला सांगायला जाणार नाहीस. तिच्या साड्यांचा नाही, घराचा नाही. तिला तू मांडे शिकवलेस, त्याचा. ती सायखेड्याहून लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी पुरणपोळी धड लाटता येत नव्हती. तू कळवणची, तुझ्या हातात मांडे होते. पुरण भरलेला सैल गोळा तू दोन्ही हातांवर खेळवत न्यायचीस, तो पसरत पसरत कोपरापर्यंत यायचा, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर तू तो अलगद टाकायचीस, कुठे फाटायचा नाही. मी जवळ येऊन बसले की म्हणायचीस, "तू जा, अभ्यास कर. हे काय शिकायची गोष्ट हाय?" मग मी अभ्यास केला. आहारशास्त्र शिकले, फर्स्ट क्लासमध्ये पास झाले. आणि तू तिचे हात धरून तिला मांडे शिकवलेस. ती फाडायची, तू हसायचीस, ती पुन्हा गोळा घ्यायची. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून हे सगळं ऐकत असे.

नव्वदच्या आगेमागे मला शहरातल्या एका दवाखान्यात नोकरी लागली. आहारतज्ज्ञ म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा लोकांना माहीत नव्हतं. तू शेजारणींना सांगायचीस, "पोरगी डाक्टरच्या हाताखाली जेवायचं सांगती." त्याच हिवाळ्यात मळ्यात कोबी काढताना तुझ्या पायाला विळा लागला आणि जखम भरेचना. मी तुला दवाखान्यात घेऊन आले. तेव्हा साखर बघायला लघवीत निळं औषध घालून नळी गरम करत. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग विटेसारखं लाल. तू म्हणालीस, "रंग झ्याक आलाय." मी तुला खुर्चीवर बसवलं आणि आई म्हणून नव्हे, पेशंट म्हणून सगळं समजावून सांगितलं. साखर बंद, गूळ बंद, भात वाटीभर, बटाटा नाही, आंब्याची एखादी फोड. तू मान डोलवत होतीस. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. आता तू माझी झालीस, असं वाटलं होतं. मांडे तिचे, पण तुझं पथ्य माझं.

तो सगळा काळच साखरेवरून हमरीतुमरीवर येण्याचा होता. पेपरात एक डॉक्टर साखरेला पांढरं विष म्हणायचा, पुढच्या रविवारी दुसरा कुणी त्याला खोडून काढायचा. कुणी मेथ्या भिजवत होतं, कुणी जांभळाच्या बिया वाळवत होतं, कुणी कारल्याचा रस पिऊन तोंड वाकडं करत होतं. गूळ चालतो की चालत नाही यावरून तर पारावर भांडणं व्हायची. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला मखमलाबादच्या महिला मंडळानं मारुतीच्या सभामंडपात माझं भाषण ठेवलं, आणि तोल साधायला शहरातल्या एका वैद्यबुवांनाही बोलावलं. ते म्हणाले, साखर विष आणि गूळ अमृत, चहात गूळ घाला आणि निर्धास्त राहा. बायकांना ते भारी पटलं. मी उठून सांगितलं की ज्याला मधुमेह झालाय त्याच्या रक्ताला गूळ काय आणि साखर काय, सारखंच. निफाडकडे ऊस असलेला कुणाचा तरी पाहुणा मागून म्हणाला, "मॅडम, आमच्या पोटावर पाय देऊ नका." एक म्हातारेबुवा उभे राहिले. "साखरेचं खाणार त्याला देव देणार, असं आमचे वाडवडील उगाच म्हणत होते का?" मी म्हटलं, "देतो की. डायबेटिस देतो." थोडे हसले, बाकीचे वैद्यबुवांकडे बघायला लागले. सभा माझ्या हातून चालली होती.

तेव्हा पुढच्या सतरंजीवरून तू उठलीस. डोक्यावरचा पदर नीट केलास आणि भर मंडपात म्हणालीस, "वैद्यबुवा, माझ्या पोरीनं सांगितलं तवापासून मी गूळ नाय की साखर नाय. माझी जखम भरून आली. तुमचा गूळ तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या." टाळ्या पडल्या. वहिनी तुझ्या शेजारी बसली होती, तीही टाळ्या वाजवत होती. आई, माझ्या अख्ख्या आयुष्यात तसा दिवस दुसरा आला नाही. वैद्यबुवांनी जाताना मला नमस्कार केला. मी घरी येईपर्यंत जमिनीवर नव्हते.

आणि घरी येते तर काय. मी पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे वळते, आणि दारातूनच दिसतं, वहिनी तिळाचा लाडू फोडून अर्धा तुझ्या तळहातावर ठेवतेय आणि तू तो तोंडात टाकतेयस. दोघी हसताय. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तू पदराचा बोळा तोंडाशी धरलाय, खांदे हलतायत, डोळ्यांत पाणी आलंय. शाळा चुकवून मळ्यात लपलेल्या पोरींसारख्या दिसताय दोघी. तुला तसं हसताना मी कधी पाहिलंच नव्हतं. मग तुझं लक्ष माझ्याकडे गेलं. "चवीपुरता गं," तू म्हणालीस. आणि तुझा चेहरा बदलला. तो लगेच पेशंटचा झाला. दवाखान्यात माझ्यासमोर बसणाऱ्या बायका असाच चेहरा करतात, काल काय खाल्लं विचारलं की.

लाडवाचं मला काही नव्हतं. अर्ध्या लाडवानं माणूस मरत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मी वहिनीवर ओरडले. "सासू जड झाली असेल तर तसं तोंडानं सांगा," असं म्हणाले. ती ओट्याशी गेली आणि मेथी निवडायला लागली. बोललीस तू.

"तिला काय बोलू नको. मी मागितला."

"मग माझ्याकडे का नाही मागितलास?"

तू पदराला हात पुसलेस. मग म्हणालीस, "तुझ्याकडं मागितलं की तू आकडा सांगती."

त्यानंतर मी हात धुऊन मागे लागले, तू माझ्याकडे काहीतरी मागावंस म्हणून. साखरेऐवजी घालायच्या गोडाच्या गोळ्या तेव्हा नव्या निघाल्या होत्या, त्या घालून श्रीखंड केलं. तू चार घास खाल्लेस आणि म्हणालीस, "छान झालंय हं." पाहुण्याच्या घरी म्हणतात तसं. नाचणीची खीर केली, तीही छान होती. दर रविवारी शहरातून येताना डबा आणायचे, आणि तू तो उघडून छान म्हणायचीस, आणि मग वहिनी तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा पापुद्रा काढून तूप लावून तुझ्या हातात द्यायची आणि तू तो उभ्या उभ्या खायचीस, काही न म्हणता. त्या पापुद्र्यात साखर नव्हती, गूळ नव्हता. माझ्या पथ्याच्या तक्त्यातही तो बसत होता. तरी मला तो बघवत नसे. शेवटी दवाखान्यात होतीस तेव्हा मी रजा घेऊन तुझ्या उशाशी बसले होते. दुपारी डोळे उघडलेस, माझ्याकडे पाहिलंस, मग दाराकडे पाहिलंस आणि विचारलंस, "ती आली नाय का?" मी विचारलं, कोण? कोण ते मला माहीत होतं.

तू गेलीस ती हृदयानं. तिच्या घासांनी तुझे किती दिवस कमी केले आणि माझ्या तक्त्यांनी किती वाढवले, हे कुणी सांगू शकत नाही. तज्ज्ञ असून मलाही नाही सांगता येत. तिला दोष देता आला असता तर मला बरं पडलं असतं, पण तेवढंसुद्धा तिनं माझ्या हाती लागू दिलं नाही. ते वाद अजून चालूच आहेत. आता लोक भातावरून भांडतात, मधावरून भांडतात, कोणतं फळ चालतं यावरून भांडतात. पेशंट इंटरनेटवरून कागद छापून आणतात आणि माझीच उलटतपासणी घेतात. मीही माझं बोलणं दोनतीनदा बदललं. तुला बंद केलेला बटाटा आज मी इतक्या कडकपणे बंद करणार नाही.

आणि गेल्या वर्षी मलाही डायबेटिस निघाला. आईचा गुण लेकीत आला म्हणायचं. मखमलाबादला कुणाला सांगितलं नाही. माझं पथ्य माझी मुलगी बघते. माझ्याच तालमीत तयार झालेली आहे, तेव्हा काही विचारू नकोस. भाकरी मोडून अर्धी वाढते आणि अर्धी डब्यात ठेवून झाकण लावते.

काल पंगत उठल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी एकटीच आवरत होती, खापर निवायला ठेवलं होतं. मी पाट ओढून बसले. रसाच्या पातेल्याकडे मी पाहिलं असणार. इतक्या वर्षांत तिच्याकडे मी कधी काही मागितलं नव्हतं, पाणीसुद्धा स्वतःच्या हातानं घ्यायचे. मी म्हटलं, "वहिनी, थोडं द्या ना." तिनं काही विचारलं नाही. मांड्याचा तुकडा मोडला, रसात बुडवला आणि माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. "साखर जास्तच झालीय हो," मी म्हटलं. ती म्हणाली, "मग? सासूबाईंना असाच लागायचा." आणि आम्ही दोघी हसायला लागलो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी पदर तोंडाशी धरला.

दारात माझी मुलगी उभी होती.

"चवीपुरता गं," मी म्हणाले.

ती परत फिरली. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं साखर तपासायचं मशीन आणलं, मी बोट पुढे केलं. एरवी ती आकडा मोठ्यानं वाचते. काल तिनं तो पाहिला, मशीन बंद केलं आणि पेटीत ठेवून दिलं.

इतकी वर्षं मी वहिनीचा हेवा करत आले, कारण तू तिच्याकडे मागायचीस. काल तो घास गिळताना मला पहिल्यांदा तुझा हेवा वाटला. तुला ती रोज मिळत होती. हे लिहून झालं की कागद पुढच्या आखाजीला तुझ्या घागरीखाली ठेवावा, असं सकाळी मनात आलं होतं. ठेवणार नाही. घागर तीच उचलते, कागद तिच्या हाती लागेल, आणि तिला सगळं कळेल. एवढी एक गोष्ट तरी तुझ्यामाझ्यात असू दे, आई. तिला नको.